फेकायला दिलेली फडकी

घरातला नळ थांबला तर पाच मिनिटांत बोंब होते. वहिनींचा हात थांबला तेव्हा मात्र कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट दोन-चार दिवस जेवण वेळेवर मिळालं म्हणून दादा खुशीत होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कापडावर चित्र काढायचं आणि ते वाळलं की त्याच चित्रावर सुईने काम करायचं, ही त्यांची रीत. चित्रातली भिंत रंगाने रंगवायची, तिच्यावरची भेग दोऱ्याने शिवायची. लोक विचारायचे, "हे चित्र म्हणायचं की भरतकाम?" वहिनी म्हणायच्या, "विकत घेताय का? नाही ना, मग काहीही म्हणा."

त्यांची कामाची खोली वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीला लागून. टेबलाच्या डाव्या अंगाला भिंतीत एक खिळा आणि त्या खिळ्याला मांजरपाटाचं लांबलचक फडकं. वहिनी डावखुऱ्या. रंग बदलायचा झाला की नजर चित्रावरच असायची आणि हात आपला आपण फडक्याकडे जायचा. ब्रश दोनदा दाबून फिरवायचा, शेवटी वरच्या दिशेला एक झटका, की पुन्हा कामाला. रंग पातळ असला तर फडक्यावरून ओघळ खाली उतरायचे. फडकं भरलं की घडी घालून टेबलाखालच्या खोक्यात. कापड कधी टाकायचं नसतं, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. साठवून पुढे काय करायचं, ते मात्र शिकवायचं राहून गेलं होतं.

तर हात थांबला. कारण काही नव्हतं. कुणी मेलं नाही, कुणी टीका केली नाही, डोळे शाबूत, बोटं शाबूत. सकाळी खोलीत जायच्या, कापड ताणून लावायच्या, त्याच्याकडे बघत बसायच्या आणि कापड त्यांच्याकडे बघत बसायचं. दुपारी दोघंही कंटाळायची.

मग घरोघरी होतं तेच झालं. उपाय सुरू झाले. दादाने महागातले रंग आणले. दादा शाळेत सुतारकाम शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून मुलांऐवजी लाकडांना छळतो. त्याला वाटतं, हत्यार चांगलं असलं की काम होतंच. मी म्हटलं, "वहिनी, माझं चित्र काढा." त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी अडकलेय, पण इतकीही नाही." शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं. वहिनी चालून आल्या. पाय सुधारले.

आणि मग आली मऊताई.

मऊताई हे मी ठेवलेलं नाव. बोलणं इतकं मऊ, की तिने शिवी दिली तर माणूस आभार मानून घरी जाईल आणि रात्री जेवताना त्याच्या घशात घास अडकेल. वहिनींची कलाशाळेपासूनची मैत्रीण. तीही कापडातच काम करणारी. तुकडे जोडून मोठमोठी पांघरुणं शिवायची. हात अतिशय सफाईदार. टाका असा, की त्यावरून मुंगी चालली तर तिलाही ठेच लागू नये. अडचण एकच होती. काय शिवायचं, ते तिला कधी सुचायचं नाही.

तिने वहिनींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, तू थकलीयस. जमीनसुद्धा पडीक ठेवतात. ब्रशला हात लावू नकोस."

"किती दिवस?"

"आतून हाक येईपर्यंत."

"आणि हाक आली हे कसं कळणार?"

"मला विचार," मऊताई म्हणाली.

मी तेव्हा तिथेच होतो आणि मलाही ते शहाणपणाचं वाटलं. मऊ आवाजात सांगितलेलं बरंच काही शहाणपणाचं वाटतं.

जाताना तिने टेबलाखालचं खोकं बघितलं. "हे गं काय? जुन्या कामाची ही सगळी घाण उराशी घेऊन बसलीयस, मग नवं सुचणार कसं? जीवावर येत असेल तर मी नेऊन फेकते. तू नको बघूस."

वहिनी क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "ने. फेक."

दादाने खोकं खाली नेऊन तिच्या गाडीत ठेवलं. खोकं एकच नव्हतं, माळ्यावर आणखी दोन होती. तीही गेली.

त्यानंतर वर्षभर वहिनी पडीक राहिल्या. मधूनमधून त्यांचा हात शिवशिवायचा. भाजी चिरता चिरता थांबायच्या, दुधीच्या फोडीवरून बोट फिरवायच्या आणि उठून मऊताईला फोन लावायच्या. मला एकाच बाजूचं ऐकू यायचं.

"अगं, आज काहीतरी वाटतंय... नाही, स्पष्ट नाही, पण हिरवा दिसतोय... हो का?... खोटी भूक म्हणतेस?... हं... बरं, तू म्हणतेस तर थांबते."

फोन ठेवून पुन्हा दुधी चिरायच्या. असं बरेचदा झालं. पुढे पुढे हिरवा दिसेनासा झाला, फोनही कमी झाले. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, संपलं बहुतेक. एकेकाचं संपतं तसं." माझं लिखाण संपलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, वाचकांनाही. वहिनींचा चेहरा मात्र कुणीतरी घर रिकामं करून गेल्यासारखा होता.

याच काळात खाली दादाची करवत जोरात चालू होती. दिवसदिवस. वहिनींनी विचारलं, "अहो, काय चाललंय एवढं?"

"एका मित्राकडे पडद्यांच्या दांड्या हव्यात."

"इतक्या?"

"खिडक्या खूप आहेत त्याच्याकडे."

दादाच्या मित्रांना मी ओळखतो. सगळ्यांच्या मिळूनही इतक्या खिडक्या भरणार नाहीत. पण बायकोच्या प्रश्नाला नवऱ्याने दिलेलं उत्तर तपासायला घेतलं तर संसार नावाची संस्था बंदच करावी लागेल, म्हणून गप्प बसलो.

मग एका सकाळी मी केस कापायला गेलो आणि न्हाव्याच्या आरशाशेजारी एक भित्तिपत्रक दिसलं. मऊताईचा अर्धा चेहरा, अर्ध्यावर सावली, आणि खाली: 'मौन. वस्त्रचित्रांचं प्रदर्शन.' मला आनंद झाला. घरी येऊन जिन्यातूनच ओरडलो, "वहिनी, चला! तुमच्या मैत्रिणीचं प्रदर्शन लागलंय, आणि तिने तुम्हाला सांगितलंही नाही, लबाड!"

शेवटचा शब्द मी गंमत म्हणून वापरला होता.

दादा पेपर वाचत होता. पेपर खाली आला आणि त्यामागून चुन्याच्या रंगाचा चेहरा बाहेर आला.

"आज नको. गर्दी असेल," तो म्हणाला.

"चित्रांच्या प्रदर्शनाला?" मी म्हणालो. "दादा, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"माझे गुडघे दुखतायत."

"तुझे गुडघे घरी ठेव, आम्ही दोघं जातो."

"तिला उगाच त्रास होईल रे, दुसऱ्याचं काम बघून."

वहिनी चपला घालत होत्या. "मला कशाला त्रास होईल? ती मैत्रीण आहे माझी. तिला सुचलं याचा मला आनंदच आहे." आणि त्या खरंच आनंदात होत्या. वाटेत बसमध्ये सारखं सांगत होत्या, किती वर्षं बिचारी वाट बघत होती, हात इतका चांगला, फक्त सुचत नव्हतं.

कलादालनात पांढऱ्या भिंती आणि काळ्या कपड्यांतली माणसं. भिंतींवर लांबलचक कापडं, वर-खाली सागवानी दांड्या लावलेली. दांड्यांची टोकं गोल घासून मेणाने चमकवलेली. अशी टोकं आमच्या कुटुंबात एकच माणूस करतो. मी दांड्या बघत राहिलो. वहिनी कापड बघत होत्या.

मांजरपाटाचे चार पट्टे शेजारी शेजारी जोडलेले, मागे अस्तर, आणि सगळ्यावरून तो मुंगीलाही ठेच न लागणारा धावदोरा. पट्ट्यांवर रंगांचे फटकारे. दोनदा दाबून फिरवलेले, शेवटी एक झटका. खालच्या कोपऱ्यात खिळ्याच्या गंजाचं भोक, आणि त्याभोवती पिवळ्या रेशमाने भरलेला सूर्य.

वहिनी जवळ गेल्या, अगदी नाक टेकेल इतक्या. मग पाठांतर म्हणावं तसं हळूहळू म्हणू लागल्या.

"हा हिरवा खिडकीच्या चित्राचा. सासूबाई आजारी होत्या तेव्हा करत होते. हा काळा बघा, अर्धाच पुसलाय, मधेच दवाखान्यातून फोन आला होता. हा तांबडा मला हवा तसा मिळतच नव्हता, म्हणून इतक्या वेळा आहे. इथे मिळाला. यापुढे तांबडा नाही."

"वहिनी..."

"ही माझी फडकी आहेत, भाऊजी."

आमच्या मागे एक दाढीवाले समीक्षक दोन बायकांना समजावून सांगत होते. "इथं रंग वरच्या दिशेने वाहतात, लक्षात घ्या. गुरुत्वाला नाकारून. हे ओघळ नाहीत, ही आर्त ऊर्ध्वगती आहे. इतकी वर्षं सुबक पांघरुणं शिवणाऱ्या हाताला हे धाडस कुठून आलं असेल?"

तेवढ्यात मऊताई आली. आम्हाला बघून तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली ती निघून गेली.

"अगं, तू! ये ना, बैस. दमली असशील."

वहिनी म्हणाल्या, "उलटं टांगलंयस."

"आं?"

"ओघळ खाली जातात. खिळा वर होता. तुझा सूर्य आहे ना, तो वरच्या कोपऱ्यात हवा."

दाढीवाल्यांनी वही काढली होती, ती परत खिशात ठेवली आणि दुसऱ्या भिंतीकडे त्यांना अचानक काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

मऊताईने वहिनींचं कोपर धरून त्यांना खांबाआड नेलं. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला अडवायला हवं हेही कुणाला सुचलं नाही.

"मी सांगणारच होते गं तुला. तू सावरल्यावर."

"सावरायला निघाले की तूच थांबवत होतीस."

"तुझ्या भल्यासाठीच ना! तुझी अवस्था काय होती तेव्हा."

"मला हिरवा दिसत होता. तू खोटी भूक म्हणालीस."

मऊताईने नजर खाली वळवली. "तू सुरू केलं असतंस तर पहिली आठवण तुला फडक्यांचीच झाली असती. मागितली असतीस. माझी तेव्हा निम्मी शिवून झाली होती. अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा हात कशात तरी बुडाला होता. तुला माहितीये तो काय अनुभव असतो."

"माहिती होतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि चोरी नाही हं केली मी. तू स्वतः म्हणालीस, फेक."

"फेकायला दिली होती. टांगायला नाही."

"शिवलं तर मीच ना! तू तर ढुंकून बघितलं नसतंस आयुष्यभर." हे मात्र ती मऊ न बोलता बोलली, आणि मला वाटतं, तिचं एवढं एकच वाक्य मनापासूनचं होतं. मग तिने आवाज पुन्हा घडीत ठेवला. "आणि एकटी मीच का वाईट? तुझ्या नवऱ्याला विचार. त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. दांड्या कुणी केल्या वाटतं तुला?"

वहिनींनी वर बघितलं. दांडीच्या गोल टोकाकडे. मग हात वर करून त्या टोकावरून अंगठा फिरवला आणि तसाच हात खाली घेऊन दाराकडे चालू लागल्या.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मी संतापलो होतो. म्हटलं, "वहिनी, पेपरात देऊ. माझी लेखणी गंजलीय, पण एवढं मी झोपेत लिहीन. तिची अशी काही शोभा करतो, की..."

"नको."

"का नको?"

त्यांनी तिकिटाची घडी घातली. मग म्हणाल्या, "चांगलं होतं हो ते, भाऊजी."

"काय?"

"फडकी. माझ्या चित्रांपेक्षा चांगली होती. चित्रात मी किती जपून वागते. आणि बाजूला, न बघता..." त्यांनी डावा हात जरासा हलवला. "हे मला माझ्या घरात दिसायला हवं होतं. तिच्या भिंतीवर नाही."

घरी दादा दारातच उभा होता. एवढा वेळ तो बहुधा तिथेच उभा असावा. वहिनींनी काही विचारलं नाही, म्हणून त्याला सगळंच सांगावं लागलं. प्रश्न नसले की माणूस फार लांब उत्तर देतो. मऊताईने त्याला सांगितलं होतं, आत्ता कळलं तर ती खचेल. फडक्यांचं नाव झालं आणि आपलं नाही, हे कुणाला सोसेल? मग त्याला वाटलं, प्रदर्शन होऊन जाईल, कापडं विकली जातील, विषय संपेल. दांड्या का केल्या? तर कुणीतरी त्याच्याकडे काम मागितलं होतं, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

"मी तुझ्या काळजीपोटीच गप्प राहिलो गं."

"तुम्ही गप्प कुठे होतात?" वहिनी म्हणाल्या. "खाली करवत चालू होती."

त्या वर गेल्या. मला दादाची कीव आली आणि रागही. एकाच भावाबद्दल दोन्ही एकदम आलं की माणूस नेमकं काय करतो ते मला ठाऊक नव्हतं. मी त्याला विचारलं, "आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात राहतं का काही?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या खोलीतून कापड ताणल्याचा आवाज आला. मी चहाचा कप घेऊन दारात गेलो. रंग काढलेले, कापड लावलेलं, डाव्या अंगाला खिळ्यावर नवं कोरं फडकं. वहिनींनी ब्रश बुडवला, दोन फटकारे मारले आणि हात डावीकडे गेला. गेला आणि अडला. वहिनी फडक्याकडे बघत होत्या. ब्रश टेकवला, दोनदा फिरवला, झटका दिला. मान वाकडी करून बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुंदर पुसायला जातेय," त्या म्हणाल्या आणि ब्रश पाण्यात आपटला.

आठवडा असा गेला. चित्र होत नव्हतं आणि फडकंही होत नव्हतं. न बघता काहीतरी करायची त्यांच्या आयुष्यात एवढी एकच जागा होती आणि तिथे आता काळ्या कपड्यांतली माणसं येऊन उभी राहिली होती. एकदा त्यांनी डोळे मिटून पुसून बघितलं. मिटलेल्या डोळ्यांनीही त्या बघतच होत्या. चोरीला गेलं होतं ते हेच. फडकी काय, दुकानात गजाने मिळतात.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून काहीतरी उपसल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तो वहिनींनी पक्कडीने खिळा काढला होता. फडकं गोळा करून कोपऱ्यात भिरकावलं होतं. ब्रशला तांबडा लागलेला, आता पिवळा हवा, पुसायला काही नाही. हात सवयीने डावीकडे गेला आणि हवेत थांबला. तिथून तो तसाच परत आला आणि चित्रावरच, ऐन मधोमध, दोनदा दाबून फिरला. शेवटी झटका.

मी "अरेरे" म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं.

वहिनींनी ऐकलंही नाही. पिवळा घेतला. तोही चित्रावरच पुसला. ओघळ खाली उतरले आणि त्यांना उतरू दिलं. संध्याकाळपर्यंत ते कापड बघवत नव्हतं. मी खाली येऊन दादाला सांगितलं, "वहिनींचं काही खरं नाही." दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा रंग वाळले होते आणि वहिनी सुई घेऊन बसल्या होत्या, आणि मला दारातच थांबावं लागलं. पूर्वी त्यांचं चित्र बघून माणूस "किती सुरेख" म्हणायचा. हे बघून मला काही म्हणवेना, आणि माझ्यासारख्या माणसाला ही फार त्रासाची गोष्ट आहे.

महिन्याभराने मऊताईचा फोन आला. मीच उचलला आणि वहिनींना दिला. तिचा मऊ आवाज एवढ्या लांबूनही ऐकू येत होता. प्रदर्शन गाजलं, आणखी कामांची मागणी आहे, मधलं सगळं विसरून जाऊ या. वहिनींनी पुन्हा हातात ब्रश घेतलाय हे कळून तिला किती आनंद झालाय. आणि हो, नवी फडकी साठली असतील ना? या वेळी दोघींचं नाव लावू.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "नाही गं," त्या म्हणाल्या, "मी आता पुसत नाही." आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ त्या फोनशेजारीच उभ्या होत्या. कलाशाळेपासूनची मैत्री होती. तीस वर्षं जिला सगळं सांगितलं, तिला आता काहीच सांगायचं नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्या दिवशी वर काम झालं नाही.

दादाशी त्या बोलतात. मीठ द्या, दार लावा, पाणी आलं, एवढं. खोलीला त्यांनी कडी बसवून घेतली. दादाकडून नाही, बाहेरचा सुतार बोलावला. तो काम करत होता तेवढा वेळ दादा अंगणात उभा होता. सुताराने कडी वाकडी बसवली आणि दादा काही बोलला नाही. भाऊ म्हणून सांगतो, याहून मोठी शिक्षा त्याला कुणी दिलेली मी पाहिलेली नाही.

काल तो जिना चढून वर आला. कडी काढलेली होती. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने बराच वेळ ते नवं कापड बघितलं, मग घसा साफ केला.

"अगं, मी तेव्हाच सांगितलं असतं... तर तू काय केलं असतंस?"

वहिनींनी वळून बघितलं नाही. ब्रश निळ्यातून काढला आणि आधीच्या सगळ्यावरून फिरवला.

"हेच," त्या म्हणाल्या. "वर्षभर आधी."

दादाने खाली जाऊन चहा केला, तीन कप. एक मला दिला, एक वर नेऊन दाराबाहेर ठेवला. साखर घालायला विसरला होता. मी माझा मुकाट्याने प्यायलो. दाराबाहेरचा संध्याकाळपर्यंत तिथेच होता, आणि आतून ब्रशचा आवाज येत होता.